डोणगावला पोचलेलं समुद्रातलं गवत

अनया, ईशान,

गेल्या सोमवारी सकाळी मी खामगावहून मेहकरच्या एसटीत बसले. डोणगावच्या तुमच्या कमलआजीच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, पायाची जखम भरत नाही, एवढंच फोनवर कळलं होतं.

जानेफळच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुलली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठी चाल्ल्या, आजी?"

"बहिणीकडे. तिला बरं नाही."

"मंग इथंच दोन घास खाऊन घ्या. तिथं गेल्यावर तुम्हाले जेवण जाणार नाही," म्हणत त्यांनी कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे केला.

मेहकरला गाडी बदलून डोणगावला पोचले, तर कमलच्या पायाचा अंगठा काळा पडलेला. मधुमेहाच्या गोळ्या फळीवर तशाच. तिनं बशीत दुधातला चायना ग्रास आणून ठेवला, बिनसाखरेचा.

"हेच खाऊन राह्यली मी. समुद्रातलं गवत. आपल्या ईशाननंच सांगतलं ना, त्यात दवाई हाय!"

ईशान, दिवाळीत तू तिला फोनवर तुझं प्रयोगशाळेतलं काम सांगितलं होतंस. समुद्रातल्या गवतात फिनॉलिक संयुगं असतात, ती सूज कमी करतात, जंतूंना अडवतात, असं. तिनं वाण्याकडे तेच गवत मागितलं. ग्रास म्हणजे गवत, म्हणून त्यानं हे पाकीट दिलं.

मी म्हटलं, "अगं, हे शेवाळापासून करतात. ईशानच्या गवताला मुळं असतात, फुलं येतात. आणि त्याचंही औषध अजून झालेलं नाही. काचेच्या बशीत पेशींवर तपासतायत."

"म्या तं बशीतच खाऊन राह्यली!" ती हसली. मला हसू आलं नाही.

"पण गोळ्या का सोडल्यास?"

"पोरगं तिकडं इतकं राबून राह्यलं, ताई. त्याचं सोडून दुकानातल्या गोळ्या खाऊ काय?"

तशीच तिला जीपमध्ये घालून मेहकरला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, पाऊल वाचेल. आत नेताना तिनं माझा हात धरला. "ईशानले सांगू नको बरं. काम सोडून देईन तो."

पाऊल वाचलं. काल मी खामगावला परतले. येताना सगळा रस्ता एकच विचार करत होते, की तिचं ऐकावं का. नाही ऐकलं.

ईशान, काम सोडू नकोस. त्या गवतातून उद्या कुणाची तरी जखम भरेल, असं मलाही वाटतं. पण कमलला आज फोन कर. ती अंगठ्याचं बोलणार नाही, गवताचंच विचारेल. तेव्हा 'अजून औषध झालेलं नाही' हे आधी सांग. बाकीचं मग.