सातवी की सातवं वर्ष

मिस्त्रींची बहीण गेली आणि बारा वर्षांची मनी, त्यांची भाची, गावाहून त्यांच्याकडे परदेशात राहायला आली. मिस्त्री बस डेपोत ब्रेक दुरुस्त करायचे. एकटा जीव, घरात उशीही एकच. ती मनीला दिली. बहिणीसाठी रडायचं मात्र राहूनच गेलं. मनीचंही तसंच. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची.

नव्या शाळेत कारकुनाने विचारलं, "कितवी?"

मिस्त्री भाचीच्या तोंडाकडे बघत राहिले. सख्खा मामा, आणि पोरगी कितवीत जाणार हेही ठाऊक नाही!

"सातवी," मनी म्हणाली.

कारकुनाने तिला 'सातवं वर्ष' लिहिलेल्या वर्गात बसवलं.

चहाला उकळी येईपर्यंत मनीचा सगळा अभ्यास उरकलेला असायचा. मिस्त्री डेपोत सांगायचे, "पोरगी भलतीच हुशार निघाली." मग एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं, तर ती गणित न वाचताच उत्तर लिहीत होती.

"हे काय गं?"

"मागच्या वर्षी हेच होतं, मामा."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्यांनी शाळा गाठली. वर्गाच्या बाई समजावू लागल्या, "तुमच्याकडे मूल सहाव्या वर्षी पहिलीत जातं. आम्ही पाचव्यापासूनच मोजतो, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं. म्हणून तुमची सातवी ती आमचं आठवं वर्ष."

"म्हणजे गाडी तीच, पाटी वेगळी."

"अगदी! उद्यापासून तिला वरच्या वर्गात बसू दे."

घरी मनी म्हणाली, "मला नाही जायचं."

"अगं, वर्ष फुकट जाईल."

"इथे सगळं येतं मला. बाई बोलतात, मी नुसती बसते. डोकं लावावं लागत नाही." नळाला पाणी आलंय, हे सांगावं तशा आवाजात ती बोलली.

तिची समजूत घालता घालता मिस्त्रींना स्वतःचंच आठवलं. डेपोत नवी इंजिनं आली होती. साहेबांनी त्यांचं काम शिकायला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा ते म्हणाले होते, "माझे ब्रेकच बरे." ब्रेकवर हात आपोआप चालतात. मन कुठे असतं, कोणी विचारत नाही.

"राहा मग," ते म्हणाले.

बाईंना ते पटलं नाही. "मागे पडेल हो."

"पडू दे."

वर्ष तसंच सरलं. मनी त्याच मुलांबरोबर आठव्या वर्षात गेली. रांगेत सगळ्यांहून वीतभर उंच दिसायची. त्याचं तिला काही वाटत नव्हतं, की वाटत होतं, मिस्त्रींना सांगता आलं नसतं.

पावणेदोन महिन्यांनी एका संध्याकाळी तिने पेन्सिल आपटली. "मामा, हे डोक्यावरून जातंय!"

एवढ्या मोठ्याने ती या घरात कधी बोललीच नव्हती. मिस्त्री दचकले. हात पुसून तिच्याशेजारी बसले, वही पुढे ओढली. त्यांनाही त्यातलं ओ की ठो कळेना.

"पुन्हा वाच बघू," ते म्हणाले. तिने चिडून पुन्हा वाचलं.