कपाटावर ठेवलेला कीबोर्ड

माझी जाऊ इथेच आखातात, अल ऐनला राहते. मोठं घर, दोन गाड्या. ते मला कधी खुपलं नाही, अल्लाने ज्याला दिलं त्याला दिलं. मला खुपला तिच्या मुलाचा कीबोर्ड.

माझी मुलगी रास अल खोरच्या एका स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनचं बिलिंग करते, घरी बसून. दिवसभर टकटक. तिच्या नोकरीवर माझा व्हिसा. तिचे अब्बा लांब रुवैसला तेलाच्या कंपनीत होते, पंधरा दिवसांनी घरी यायचे. ते वारल्यापासून तिच्या त्या दोन हातांवरच आम्ही दोघी इथे आहोत. मी कधी रडत बसले नाही. खालच्या वर्कशॉपवाल्यांचे डबे आधीपासून करत होते, तेच करत राहिले.

मुलगी तीस दिरहमचा कीबोर्ड वापरायची. म्हणजे सातशे रुपये. चार-पाच महिन्यांत त्याची बटणं अडकायची, मग दुसरा. मनगट दुखायचं, रात्री मी खोबरेल लावायची.

एका ईदला आम्ही जावेकडे गेलो. मुलाच्या टेबलावर काळा, जड कीबोर्ड होता. मुलीने सहज दोन बोटं चालवली आणि तिचा चेहराच बदलला. "अम्मी, सो सॉफ्ट! हात दुखतच नाही."

जाऊ म्हणाली, "सात वर्षं झाली त्याला. अक्षरंसुद्धा पुसली नाहीत. महागवाला एकदा रडतो गं, सस्तावाला बार बार. तुझी सवयच स्वस्ताची."

मी शीरखुर्मा संपवला. चव काही लागली नाही.

तीन महिने डब्यांतले पैसे बाजूला काढले आणि दुकानात जाऊन म्हटलं, सगळ्यात चांगला दे. चारशे दिरहम. म्हणजे नऊ-दहा हजार रुपये! वायर नसलेला, सेलवर चालणारा. जावेच्या मुलाच्या कीबोर्डला वायर होती. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

घरी आणला आणि तिथेच चुकले. आमच्यात चांगली चीज इथे कोण वापरतो? चांगलं ब्लँकेट, डिनर सेट, अत्तर, सगळं पेटीत जातं, गावाला नेऊन शोकेसमध्ये ठेवायला. इथे फुटकं चालतं. मी एकदा चालवून बघितला, परत प्लास्टिकमध्ये घातला आणि बॅगेत ठेवून बॅग कपाटावर चढवली. म्हटलं, जाऊ येईल तेव्हा काढू. तिने बघायला पाहिजे.

मुलगी हसली. "इट्स अ कीबोर्ड, अम्मी. नॉट गोल्ड."

"तुझा अजून चालतोय ना? तुटू दे आधी."

तो तुटला. मग तीस दिरहमचा अजून एक आणला. मग अजून एक. कपाटाच्या कोपऱ्यात एसी पोचत नाही. दोन उन्हाळे बॅग तिथेच तापत राहिली. मुलीच्या मनगटाला पट्टा आला. डॉक्टर म्हणाला, आराम द्या. तिचा मॅनेजर म्हणाला, काम कमी होतंय, महिनाभर बघतो. इन्शाल्ला बरं होईल, मी म्हणत राहिले. बॅग मात्र उतरवली नाही. जाऊ अजून आली नव्हती ना.

गेल्या ईदला ती आली. मुलगाही होता. चहा झाला आणि मी स्टुलावर चढून बॅग काढली. प्लास्टिक सोडलं, टेबलावर ठेवला. "हा बघा भाभी. चारशेचा. बिनवायरचा."

मुलीने बटण दाबलं. काही नाही. जावेच्या मुलाने मागचं झाकण उघडलं. आत सेल पाझरले होते, हिरवट-पांढरी खरवड धरली होती. त्याने पुसलं, नवीन सेल घातले. काही नाही.

"चाची, सेल काढून ठेवायचे होते," तो हळूच म्हणाला.

जाऊ माझ्याकडे बघत होती. मी वाटच बघत होते, की बोल. पण तिची नजर मुलीच्या पट्ट्याकडे गेली. "हे काय झालं?" मुलीने सांगितलं. मॅनेजरचंही सांगितलं.

जाऊ मुलाला म्हणाली, "यल्ला, चल, गाडीतून तुझा कीबोर्ड घेऊन ये." त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होता तो. तोच, काळा, जड. "घे गं पोरी. याला आपण दुसरा घेऊ."

तिने मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

महिना उलटला, नोकरी राहिली. पट्टा आता फक्त झोपताना लागतो. दुखणं आहे, पण कमी आहे. कीबोर्डची अक्षरं अजून तशीच आहेत. रोज मी ओल्या फडक्याने पुसते. झाकत नाही. तो वाजायला लागला की मला टकटक नाही, जाऊच ऐकू येते.

दर शुक्रवारी तिचा फोन येतो. "चालतोय ना?"

"चालतोय."

"चालणारच. आमच्याकडे वस्तू..."

"भाभी, गॅसवर भात आहे," मी म्हणते आणि फोन ठेवते. गॅसवर काही नसतं.