बुऱ्हाणपूर: किल्ला, मावा जिलबी आणि आईची कमलताई

बुऱ्हाणपूरला मला किल्ल्यातला हमामखाना, म्हणजे शाही न्हाणीघर, बघायचा होता. आईला कमलताईला शोधायचं होतं.

ही कमलताई कोण, हे आम्हाला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊकच नव्हतं. आजोबा कागद कारखान्यात लागायच्या आधी आईचं घर बुऱ्हाणपुरात, शनवारा भागात होतं. तिथे लहानपणी ती तापीत बुडत होती आणि शेजारच्या कमलने तिला ओढून काढलं, हे तिने एके दिवशी आमटी वाढता वाढता सांगितलं. इतकी वर्षं कुणालाच बोलली नव्हती. मी हात धुतले आणि आधी तिकिटं काढली.

भुसावळहून सकाळची गाडी धरा, तासाभरात पोहोचाल. स्टेशनबाहेर रिक्षा भरपूर. भाडं आधी ठरवून घ्या. ऊन चढायच्या आत किल्ला उरका. हमामखान्याच्या रंगीत छताखाली मी मान वर करून फिरत होते, तर आई पार टोकाला जाऊन खालची नदी बघत उभी.

दुपारी शनवाऱ्यात मावा जिलबी घेतली. काळसर, जाड, गरम. एकीत पोट भरतं. दुकानदाराला आईने भीतभीतच विचारलं, "इथे लूमवाल्यांची कमल राहायची..."

"कमलमावशी ना? त्या इथंच आहेत की! पीछेवाली गल्लीत, निळा दरवाजा."

लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटातून गल्ली ओलांडली. निळ्या दाराच्या ओट्यावर एक म्हातारी मेथी निवडत होती.

"कमलताई, मी सुमन. तुम्ही मला तापीतून..."

मेथी खाली पडली. "माय वं! सुमी? ती चावरी?"

"चावरी?"

"अगं, मी वाचवून राहिली अन् तू माझ्या हाताला कचकन चावली!"

हसू ओसरल्यावर आईने विचारलं, "त्या दिवशी घरी काही बोलले का तुम्हाला?"

"झोडपलं आईनं. ओली कशी झाली, झंपर कसं फाटलं म्हणून. पर मी नाय सांगितलं. सांगू नको म्हणून तूच शपथ घातली होती ना."

कमलताईंना मार बसल्याचं आईला माहीतच नव्हतं. तिने कमलताईंचे दोन्ही हात धरले आणि पोरीसारखी रडली. कमलताईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल, राजघाटावर."

घाटाच्या शेवटच्या पायरीवर आई थबकली. त्या दिवसानंतर ती कुठल्याच नदीत उतरली नव्हती.

"उतर की. मी हाये ना."

दोघी घोट्याभर पाण्यात उभ्या राहिल्या. आईने साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. तिला असं मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळच्या गाडीत ती खिडकीशी बसून गुणगुणत होती.

घरी आल्यावर छताचे फोटो सगळ्यांना पाठवले, छान आलेत. पण मला राहून राहून तो मार आठवतो. एका मुलीने तो खाल्ला, पण तोंडातून शब्द काढला नाही, आणि दुसरी जगली, आमची आई झाली.

आता दर रविवारी दोघींचा व्हिडिओ कॉल असतो. दोघीही फोन कानाला लावून बोलतात. आम्हाला दिसतो तो फक्त कमलताईंचा कान, आणि त्यातलं सोन्याचं फूल हसताना हलतं.