पाठीवरचा हात

पाटोद्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती मला एकदाच भेटली. नाव विचारायचे राहिले. लग्नांचे व्हिडिओ तयार करून देणारी, तिशीतली बाई. तिचा जुना कॉम्प्युटर काम अर्ध्यावर आले की बंद पडे, आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

टेबलावर तीन नवे कॉम्प्युटर होते. एक उंच उभा, एक जेवणाच्या डब्याएवढा आणि एक पडद्यातच सगळे सामावलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, तिन्हीत प्रोसेसर एकच हाय. कोणताबी न्या."

"एका गायीची खोंडं सारखीच वढतेत का?" असे म्हणून तिने पेनड्राइव्हमधला हळदीचा एकच व्हिडिओ तिन्ही यंत्रांना तयार करायला लावला. बैलबाजारात ओझे ओढायला लावून बैल पारखतात, तसे.

सुरुवातीला तिन्ही बरोबरीने पळाले. ती प्रत्येकाच्या पाठीवर तळहात ठेवत फिरत होती. छोटा तापला आणि रेंगाळला, त्याच्यामागोमाग पडद्यावाला. उभ्याची पाठ थंडच राहिली आणि त्याने काम आधी संपवले. "ह्यो दमत न्हाई," म्हणत तिने तो घागरीसारखा कमरेवर घेतला.

मीही उभाच मागितला. ती दारातून वळली. "तुमाला ह्यो कशापायी, आज्जी? काम काय हाय?"

"परदेशातल्या नातवंडांशी बोलायचंय."

"मग पडद्यावालाच घ्या. लई वेळ बोललात तरच तापंल."

मी तोच घेतला. मुलांनो, आपले बोलणे संपले की मी त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहते. अजून एकदाही ती गरम लागलेली नाही.