मिस्त्रीचं कातडं

आमच्या शेलूबाजारात बादली गळू लागली की लोक विचारतात, "मिस्त्रीचं कातडं बसवलं काय?" ज्यांनी त्या मिस्त्रींना कधी पाहिलं नाही, तेही म्हणतात आणि हसतात. हे बोलणं गावात माझ्यामुळे आलं. कसं आलं, ते परवापर्यंत माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधी मी एका जमीनदाराची मोटार चालवत होतो. आसपासच्या गावांत ती एकच मोटार. आम्ही बागायती माणसं. वांगी-मिरचीचे वाफे आणि विहिरीवरची मोट यांत वाढलेलो. मोटारीचं काम मी पाहून पाहून शिकलो होतो, आणि मला त्याचा गर्व होता.

एकदा इंजिनाच्या अंगाला, जिथून तेलाची बारीक नळी समोरच्या, तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे जाते, त्या जोडातून तेल गळू लागलं. मालकांनी कापसाच्या जिनातल्या मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी जोड उघडला, आतली तांब्याची चकती चिमट्यात धरून निखाऱ्यावर लाल केली, पाण्यात टाकली आणि परत बसवली.

"तांबं असं नरम होते," ते म्हणाले. "आता इंजन दोनदा तापू दे, थंडं होऊ दे. मंग पाव फेरा आवळ. तोवर एखादा थेंब पडंल. भेऊ नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग. मालकांकडे लग्नाचे पाहुणे आलेले. मालक सर्वांसमोर म्हणाले, "काहून रे, मोटार हाये का घाणा? तेल गाळून राह्यली!"

पाहुणे हसले. इंजिन तोवर एकदाच तापलं होतं. आणखी एक दिवस थांबायचं होतं. मी थांबलो नाही. आमच्या मळ्यात असा एकही जोड नव्हता जो कातड्यानं बंद झाला नाही. भिजलं की ते फुगतं आणि थेंब अडवतं, एवढंच मला माहीत होतं. मी घरी गेलो, जुन्या मोटेच्या कातडी सोंडेतून एक चकती कापली, एरंडेलात भिजवली आणि तांब्याची काढून ती बसवली. ताकद लावून आवळली.

दोन दिवस फरशी कोरडी. मालक खूश. "मिस्त्रीचा हात म्हणजे हात हाये," ते म्हणाले. मी मागेच उभा होतो. श्रेय मिस्त्रींना गेलं याचा मला राग आला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मालकांना घेऊन मंगरूळकडे निघालो. उन्हाचा कहर होता. अर्ध्या वाटेवर इंजिन ठोके देऊ लागलं आणि बंद पडलं. तेलाचा काटा शून्यावर होता. मी रस्त्याच्या नादात पाहिलाच नव्हता. विहिरीच्या पाण्यात फुगणारं कातडं तापल्या तेलात भाजून आकसलं होतं. सगळं तेल रस्त्यावर सांडलं, आतली बेअरिंगं वितळली. बैल जुंपून मोटार गावात आणली तेव्हा बाजार भरलेला होता.

मिस्त्री आले, तेव्हा मोटारीभोवती बाजारातली गर्दी होती. त्यांनी जोड उघडला आणि आतला काळा तुकडा बोटांत चुरून पाहिला.

"कातडं हाये हे," ते म्हणाले. "म्या जिंदगीत इंजनात कातडं घातलं नाई."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मिस्त्रीच बसवून गेले होते, मालक. म्या हात लावला नाई."

"मंग वय झालं तुमचं, मिस्त्री," मालक म्हणाले. "ध्यानात राहत नसंल."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नसंल बाप्पा." आणि पाने-पकडी गोळा करून गेले.

त्यांना माझं खोटं कळलं होतं आणि त्यांनी मला वाचवलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तसं नसेल तर? त्या क्षणी त्यांना स्वतःच्याच हातांबद्दल शंका आली असेल तर? त्या बाजारातूनच 'मिस्त्रीचं कातडं' गावभर झालं, आणि पुढे त्यांना कोणी इंजिनाला बोलावलं नाही. जिनातही त्यांच्याकडे यंत्रांचे पट्टे शिवायचं काम आलं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग ते वारले.

परवा अंगणातला नळ गळत होता. सून दुरुस्तीवाल्याला हसत म्हणाली, "काहो, मिस्त्रीचं कातडं बसवलं काय?" ती दूरच्या गावची. हे बोलणं ती आमच्याच घरात शिकली.

तो माणूस गेल्यावर मी तिला बोलावलं आणि सगळं सांगितलं. कातडं आपल्या मोटेचं होतं, कापलं मी, बसवलं मी.

ती म्हणाली, "पण मामाजी, लोकं तर तसंच म्हणतीन ना?"

"म्हणतीन," मी म्हणालो. "तू म्हणू नोको. आणि कोणी म्हणालं, तर कोणाचं होतं ते सांग. माझ्यासमोर सांग."

आज सकाळी शेजारीण गळका डबा घेऊन आली आणि तेच बोलली. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. सांग, म्हणून मी मान हलवली.