पत्ता गेला कसा

स्नेहलनं नोकरी सोडावी म्हणून तिच्या नवऱ्यानं, अतुलनं, तिचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंट्यानं मनगट फोडलं. दवाखान्यातून ती त्याच्या गोंदियातल्या घरी परत गेलीच नाही. तिरोड्याच्या ऑफिसातली मैत्रीण साक्षी म्हणाली, "माया मायजवळ जाऊन राह्य. अतुलले आमचं गाव माहीत नाही." साक्षीची आई कलाबाई सालेकशाकडच्या एका गावात एकटीच राहायची.

रजेवर जाताना स्नेहलनं ऑफिसच्या मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावलं. ऑफिसातल्यांना गावाचं नाव नि कलाबाईचा नंबर. बाहेरच्यांना फक्त 'रजेवर आहे'.

एका दुपारी कलाबाईचा फोन वाजला, तो स्नेहलनं उचलला. ऑफिसला माल पुरवणारा नागपूरचा कुणी होता. "मॅडम, तुमच्या मेलमधून नंबर मिळाला." बाहेरच्या माणसाला हा नंबर कसा? तिनं घाईनं मोबाइलवर मेल उघडला. अतुलचा मेल सकाळीच येऊन पडला होता. 'कुठं लपली?' म्हणजे त्यालाही उत्तर गेलं होतं.

तिनं साक्षीला फोन लावला. "तुया घरच्या आयडीवरून मले मेल टाक. काय येते सांग."

"आलं. गाव, नंबर, सगळंच."

डाव्या अंगठ्यानं स्नेहलनं बाहेरच्यांचं उत्तर बंद केलं. साक्षीला पुन्हा तेच आलं. मग रजेचं उत्तरच सगळं बंद केलं.

"अजून येऊन राहिलं वो," साक्षी रडकुंडीला आली.

शेवटी मेलच्या नियमांच्या यादीत, अगदी तळाशी, एक जुना नियम सापडला. मागच्या दिवाळीत बनवलेला, येईल त्या मेलला ठरलेला मजकूर पाठवणारा. या वेळी ऑफिसातल्यांच्या उत्तरासाठी तोच मजकूर उघडून तिनं त्यात गाव नि नंबर लिहिला होता आणि जुना नियम बंद करायचा राहिला होता. तिनं तो उडवला.

"आता काहीच नाही आलं," साक्षी म्हणाली.

तेवढ्यात दाराला लाथ बसली. कडी उचकटून पडली. अतुलच्या हातात लोखंडी सळाख होती.

"तुया नोकरीनंच पत्ता देल्ला मले!"

पहिला घाव त्यानं प्लास्टरवरच घातला. केस धरून तिला अंगणात ओढलं, तोंडावर लाथ मारली. स्नेहलनं त्याच्या हाताचा असा चावा घेतला की मांस दातात आलं. त्यानं सळाख तिच्या डोक्यावर उगारली, आणि मागून कलाबाईचं मुसळ त्याच्या कोपरावर बसलं. हाड कडाडलं. तो वळला, तर दुसरा घाव गुडघ्यावर. तो कोसळला. कलाबाईनं मुसळ पुन्हा उचललं, नेम डोक्याचा होता.

"काकू, नोको!" स्नेहल रक्त थुंकत ओरडली.

"काऊन जगू देऊ याले?"

"मले कोर्टात बोलाचं आहे. याच्या तोंडासमोर."

मुसळ त्याच्या कानाशेजारी मातीत आदळलं. शेजाऱ्यांनी त्याला दोरानं बांधलं. फोनवर सगळं ऐकणाऱ्या साक्षीनं तोवर पोलिसांना कळवलं होतं.

स्नेहलच्या मनगटावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं आता वाकत नाहीत, तरी ती कामावर रुजू झाली. कोर्टात अतुलच्या वकिलानं विचारलं, "पत्ता तर तुम्हीच कळवला ना?"

"पत्ता मेलनं देल्ला, साहेब," ती म्हणाली. "सळाख कोणं देल्ली?"

निकाल अजून लागायचा आहे. जामीन मात्र मिळाला नाही. अतुल आतच आहे.