चमचाभर बिरडं

मुलगा पाच वर्षांनी आखातातून पेणला घरी आला, त्याच संध्याकाळी माझ्या बायकोने वालाचं बिरडं केलं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. गडी ताटावर तुटून पडला. सकाळी पोट टम्म. मग डाळ खाल्ली तरी तेच, भाजी खाल्ली तरी तेच. "गॅस हाय, अब्बा," एवढंच म्हणायचा.

गॅस म्हणे. माझ्या थोरल्या भावानेही गॅस गॅस म्हणत वर्ष काढलं, आणि शेवटी निघाला जठराचा कॅन्सर. घरात मी भावाचं नाव काढलं नाही, पण पोराचा हात पोटाकडे गेला की मला तोच दिसायचा. भीती वाटली की मला राग येतो. सगळा राग बायकोवर निघायचा.

शेवटी रोह्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून जठर बघितलं. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि त्याला विचारलं, "तिकडे काय जेवतोस?"

"मेसमधलं. खुबूस रोटी, चिकन, भात."

"रोज?"

"व्हय."

"रिपोर्ट साफ आहेत," डॉक्टर म्हणाले. "आतड्यात जिवाणूंची वस्ती असते. डाळी, वाल, भाज्यांचा चोथा खाऊन ते जगतात. त्यांचं खाणंच बंद झालं तर ते कमी होणार. त्यात तुम्ही एकदम ताटभर वाल वाढलेत. आता चमचाभरापासून सुरू करा, हळूहळू वाढवा."

जिना उतरताना मला रडूच फुटलं. "अब्बा, लोक बघतायत," पोरगा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून वाढायचा चमचा माझ्याकडे. बायकोचा हात पातेल्याकडे गेला की मी म्हणायचो, "थांब गो." ती चिडायची, "पोराला उपाशी मारताय काय?" मी ऐकायचो नाही. चमच्याचे दोन झाले, मग अर्धी वाटी. प्रत्येक जेवणानंतर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो.

आखातात परत जायच्या आदल्या दिवशी त्याने वाटीभर बिरडं खाल्लं आणि पुन्हा मागितलं. पोट अगदी मऊ. बायको खूश झाली. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. उद्यापासून परत मेस.

"तिकडे वाल मिळत नाय?"

"मिळतात की. पण शिफ्टवरून आल्यावर सोलत कोण बसणार?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "पुढच्या वेळी परत चमच्यापासनं सुरू करू, अब्बा."

ही 'पुढची वेळ' यायला पाच वर्षं लागली होती. मी चमचा बाजूला ठेवला आणि पातेलंच त्याच्यापुढे सरकवलं.